दोन बोटं ओठांवर

भर प्रार्थनेत आदगोंडा मगदूमनं रेक्टरांच्या डोळ्यांत डोळे घालून दोन बोटं ओठांना लावली.

पहिल्यांदा लावली तेव्हा वाटलं, माशी बसली असेल. पण त्यानं पुन्हा लावली, वर मान तिरकी करून मागच्या भिंतीकडे खूणही केली, आणि सगळ्या बोर्डिंगानं ते पाहिलं. प्रार्थनेत पोरांचे डोळे मिटलेले असतात असं म्हणतात. तसं पोर मला अजून भेटायचं आहे.

रेक्टर टाकळीकर सर ओळीतून तरातरा आले, आदगोंडाचा कान धरला आणि त्याला ओढत अंगणाच्या मधोमध घेऊन गेले.

"कुणाकडे बिडी मागतोस? माझ्याकडे?"

आदगोंडा हसला. त्याचं हे एक वाईट होतं. कुणी ओरडायला लागलं की तो हसायचा.

"हसतोस? तुझ्या वडिलांना निरोप धाडतो. संध्याकाळी येऊन घेऊन जातील. ट्रंक भरायला घे."

सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की त्यांच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. तरी शेवटच्या ओळीतल्या पोरांना काहीच ऐकू गेलं नाही. कारण भिंतीपलीकडे माग चालू होते.

आता त्या मागांबद्दल सांगायला पाहिजे. आमचं बोर्डिंग इचलकरंजीत होतं, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून कोळेकर शेठचं यंत्रमागांचं शेड होतं. शेठ आमच्या बोर्डिंगाचे विश्वस्त. गरीब पोरांना फुकट राहायला जागा दिली म्हणून त्यांचा सत्कार व्हायचा, आणि सत्काराचं भाषण मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू यायचं नाही. लाकडी धोटा इकडून तिकडं आपटत जातो, त्याचा तो खडखडाट. असे शेडभर धोटे, पहाटेपासून रात्रीपर्यंत. मी थापा मारतो असं आमच्या घरात म्हणतात, पण हे खरं आहे: आमच्या गल्लीतल्या मांजरांनी उंदीर ऐकून धरायची विद्या सोडून दिली होती. समोर दिसला तरच धरायची. आणि आचाऱ्यानं ताक घुसळायला रवी कधी विकत घेतली नाही. दह्याचं मडकं भिंतीला टेकवून ठेवायचा.

पण खरा ताप वेगळाच होता. त्या आवाजात आम्ही सगळे सदा चिडलेले असायचो. मीठ मागायचं तर ओरडून, आणि ओरडून मागितलेलं मीठ भांडण काढल्यासारखं वाटायचं. मग समोरचाही तसाच द्यायचा. भाकरीचा पापुद्रा कुणाला गेला यावरून आमच्यात डोकी फुटली आहेत. पाढे म्हणताना पोरं रडायची, आणि का रडतो हे त्यांना सांगता यायचं नाही. आठवड्यातून एका वारी वीज बंद म्हणून माग बंद असायचे. त्या दिवशी हीच पोरं एकमेकांच्या डोक्याला तेल लावत बसायची.

आदगोंडा एकटाच कधी चिडला नाही. तो जेवणात आम्ही एकमेकांच्या उरावर बसलेलो बघून विचारायचा, "तुम्ही सगळी एवढी चिडताय कशाला रं?"

या प्रश्नानं मला जेवढा राग यायचा तेवढा मागांनी कधी आला नाही.

आणि माग बंद असायचे तो एक सुखाचा वार, नेमका तेव्हाच हा गडी गावाला पळायचा. निपाणीकडे त्यांचं गाव. वडिलांची तंबाखूची शेती. वडिलांनी बजावलं होतं, एका झपाट्यात मॅट्रिक झालास तर पुढं शीक, नाहीतर तंबाखूचा खुडा करायला घरी ये. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली. संध्याकाळी ट्रंक घेऊन गेला असता, तर आदगोंडा पुन्हा शाळेचं तोंड बघणार नव्हता.

तंबाखूत जन्मलेला हा पोरगा बिडीला मात्र शिवत नव्हता. आम्ही बाकीचे सगळे ओढायचो. त्याचंही कारण भिंतीपलीकडेच होतं.

जेवणाचे पैसे फेडायला आम्ही शाळा सुटल्यावर शेडात कांड्या भरायचो. म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या रिळांवर सूत गुंडाळायचो. तिथं बोलून भागत नव्हतं, सगळा कारभार खुणांचा. गालावरून हात फिरवला की मालक आले. मूठ फिरवली की कांडी संपली. आणि दोन बोटं ओठांना लावली की बिडी. हुसेन मुकादम खूण बघून मान हलवायचा आणि गडी मागच्या दारानं बाहेर.

मी पहिल्यांदा त्याला हातवारे करून विचारलं, जरा बाहेर जाऊन उभा राहू का, डोकं फुटतंय. मुकादमानं माझ्या कानाला तोंड लावलं. "बिडी वडतोस?"

"नाही."

"मग बाहीर काय काम? बिडीला सुट्टी हाय. नुसतं हुबं ऱ्हायला सुट्टी न्हाय."

त्या दिवशी मी बिडी शिकलो. तोंड कडू झालं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण शेडाच्या मागं एक आटलेली विहीर होती. रुंद पायऱ्यांची, खडकात खोल गेलेली. आवाज तिच्या डोक्यावरून जायचा. खाली उतरलं की कान एकदम मोकळे. इचलकरंजीत माणसासारखं बोलता येईल अशी तेवढी एकच जागा होती, आणि तिथं जायचं तिकीट म्हणजे बिडी.

कुणाची आई आजारी आहे, कुणाला मुलगी आवडली आहे, कुणी गणितात गचकणार आहे, सगळं तिथंच सांगायचं. कारण गुपित ओरडून कसं सांगणार? हळूहळू बोर्डिंगात त्या खुणेचा अर्थच बदलला. दोन बोटं ओठांना लावली म्हणजे बिडी ओढायला चल असं नव्हे. म्हणजे: चल, तुझ्याशी बोलायचं आहे.

टाकळीकर सर हे जाणत नव्हते. ते जूनमध्ये कोकणातून आलेले. झुपकेदार मिशा, पार खालच्या ओठापर्यंत उतरलेल्या. जेवताना आमटी आधी मिशांना मिळायची, उरली तर सरांना. आले तेव्हा सज्जन होते म्हणतात. दसऱ्यापर्यंत मागांनी त्यांची आमच्यासारखीच गत केली. दोन्ही कानांत शेडातला कापूस, हातात छडी, आणि तोंडातून निघेल तो शब्द अंगावर धावून आल्यासारखा.

आदगोंडावर त्यांचा पहिल्यापासून दात. हजेरीला तो ओ देत नसे. त्याच्या वाटचं "हजर" मीच म्हणायचो, आळशी लेकाचा म्हणून. आदल्या संध्याकाळी सरांनी मला तसं म्हणताना पकडलं होतं, माझ्या हातावर छडी उठवली होती, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: उद्यापासून स्वतः ओ देणार नाही त्याला इथे जागा नाही.

आणि दुसऱ्या सकाळी या शहाण्यानं त्यांना दोन बोटांची खूण केली.

मी खोलीत गेलो तेव्हा तो ट्रंकेत पुस्तकं रचत होता. पाठमोरा.

"कशाला केलंस असलं?" मी विचारलं.

तो पुस्तकं रचतच राहिला.

"आदगोंडा, तुला विचारतोय."

माझ्या हातावरचे वळ अजून ठणकत होते, भिंत थरथरत होती, आणि हा मला पाठ दाखवत होता. मी त्याच्या खांद्याला धरून त्याला फिरवलं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नेहमीसारखं हसला.

"शिदू, तू चिडलायस."

"बापाला निरोप गेलाय तुझ्या. दुधाच्या गाडीवाल्याबरोबर. सरांना खूण कशाला केलीस?"

"बोलायचं हुतं."

"मग खोलीत जाऊन बोलायचं."

"तिथं कसं बोलणार?" तो म्हणाला. "वरडाय लागतंय. सगळ्यांस्नी कळंल."

"काय कळंल?"

त्यानं मान हलवली आणि ट्रंकेची कडी लावली. "मी हिरीत जाऊन बसतो. आण्णा आलं की सांग."

माझं टाळकं फिरलं. तुम्हाला सांगतो, त्या वेळी माग थांबवायची शक्ती कुणी दिली असती तर मी ती आधी आदगोंडाचं मुस्काट फोडायला वापरली असती. पण त्याच्यामागोमाग जाण्याऐवजी मी सरांच्या खोलीत शिरलो. राग आला की माझ्या तोंडून खरं कमी आणि थाप जास्त निघते, आणि थापेचा उपयोग होतो हे मला लहानपणीच कळलेलं.

आधी खरं बोलून पाहिलं.

"सर, ती खूण बिडीची नव्हती."

सरांनी एका कानातला कापूस काढला. "काय?"

"बिडीची नव्हती. बोलायचं आहे अशी खूण आहे ती."

"तोंड आहे ना त्याला? बोलायला दोन बोटं कशाला लागतात?" सरांनी छडी टेबलावर आपटली. "मी हाक मारतो, तो वळत नाही. मी रागावतो, तो हसतो. आठ महिने हसतोय तो माझ्या तोंडावर. मला काय समजतो तो?"

"सर, एकदा त्याचं ऐकून घ्या."

"नाही ऐकणार." त्यांनी कापूस परत कानात कोंबला. ते इतके चिडले होते की त्यांचे डोळे पाणावले होते.

मग मी ठेवणीतलं काढलं. "सर, बिडी ओढणारी सगळी टोळी दाखवतो. आत्ता. रंगेहाथ."

हे त्यांना कापसातूनही ऐकू आलं. ते उठले, छडी घेतली आणि माझ्यापुढं चालायला लागले. विहीर कुठं आहे हे माहीत नसताना पुढं चालायला लागले, एवढा त्यांना राग आला होता.

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पोरं शाळेत होती. सर उतरत गेले, मागून मी. निम्म्यावर आल्यावर ते एकदम थांबले. इकडं तिकडं बघितलं. मग सावकाश एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या.

"आवाज कुठे गेला?"

"वर आहे, सर. इथं येत नाही."

ते पायरीवर बसले. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांच्या कपाळावरची आठी जन्मापासूनची आहे अशी माझी समजूत होती. ती माझ्यादेखत पुसली गेली. क्षणभर ते कुणाचा तरी बरा काका असावेत तसे दिसले.

"इथे बिडी ओढता होय," ते हळू म्हणाले. "मीही ओढली असती."

तेवढ्यात त्यांना खाली आदगोंडा दिसला. तळाच्या पायरीवर, ट्रंकेवर बसलेला, आमच्याकडे पाठ. आठी परत आली.

"मगदूम."

तो हलला नाही.

सर उभे राहिले आणि त्यांनी आठ महिन्यांच्या सवयीचा आवाज काढला. "मगदूम!"

विहिरीनं ती हाक चारी बाजूंनी फेकली. माझ्या कानात दडे बसले. कपारीतली पारवी फडफडत एकदम वर उठली. आणि आदगोंडानं मान वर करून त्या पारव्यांकडे बघितलं. ती का उडाली म्हणून तो बघत होता. मग दुसऱ्या कपारीकडे बघितलं, साप आहे की काय म्हणून. मागं काही तो वळला नाही.

सरांनी उगारलेली छडी खाली घेतली.

मी एक खडा उचलून त्याच्या पाठीवर मारला. तेव्हा तो वळला. आम्हाला बघून उठून उभा राहिला, आणि शेडात बोलावं तसा मोठ्यांदा बोलला. त्याला वाटत होतं तो हळू बोलतोय.

"सर, आलात व्हय? मला ऐकू येत न्हाय. लई दिस झालं. आधी कान वाहायचा, आता मागामुळं पार गेलं. आण्णांस्नी म्हाईत न्हाय. कळलं तर म्हणतील, भैऱ्याला शाळा कशाला. एवढं मॅट्रिक हुस्तवर कुणाला सांगू नका."

सर काहीतरी बोलले. आदगोंडानं त्यांच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघितलं आणि माझ्याकडे वळला. "शिदू, काय म्हणालं?"

"आधी का सांगितलं नाहीस म्हणतात."

"सांगायलाच बोलावत हुतो की सकाळी." मग तो सरांना म्हणाला, "रागावू नका सर. सगळ्यांचं वठावरनं कळतं मला. शिदूचं कळतं, मुकादमाचं कळतं. तुमचं तेवढं कळत न्हाय. मिशीमागं जातंय. हजेरीला माझं नाव आलं का दुसऱ्याचं, ठाव लागत न्हाय."

मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब माझ्या डोक्यात एका दमात लागला. माग बंद असण्याच्या वारी तो गावाला का पळायचा, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आवाजात आम्ही सगळेच बहिरे होतो. शांततेत तो एकटा उघडा पडला असता.

सर वळले. जे चढायला लागले ते थेट शेडात. मी मागं धावलो. कोळेकर शेठ मागांच्या मधल्या वाटेत उभे होते. सर त्यांच्यापुढं उभे राहिले आणि तोंड उघडलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण मुकादमानं सरांच्या तोंडाला कान लावला आणि मालकाला ते खुणांनी सांगितलं: कानावर हात, मग बोर्डिंगाकडे बोट, मग दोन्ही हात आडवे. थांबवा.

शेठनं हसून सरांच्या कानाशी तोंड नेलं. मी जवळ होतो.

"सर, पोरं आवाजानं न्हाय बिघडत. बिडीनं बिघडत्यात. ते बघा तुम्ही."

सरांनी छडी मागावर हाणली. ती धोट्याच्या वाटेत गेली आणि तिचे तुकडे झाले. त्या दिवशीच्या धोतरजोडीत वेताच्या काड्या विणल्या गेल्या आणि ती नेसून एक वर बोहल्यावर चढला, तो लग्नभर टोचतंय टोचतंय म्हणत होता, ही पुढची गोष्ट मी गावोगाव सांगितली आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नका. छडी मोडली एवढं खरं.

संध्याकाळी आदगोंडाचे वडील आले. उंच, काळे, डोक्याला पांढरा पटका. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. पोराचा जबडा धरून आधी तोंडाचा वास घेतला.

"माझ्या घरातनं तंबाखू गाड्या भरून जातीया," ते सरांना म्हणाले. "पर घरात कुणी तोंडाला लावली न्हाय. ह्यानं लावली असंल तर हितंच पुरतो."

आदगोंडा वडिलांच्या ओठांकडे बघत होता. मग त्यानं सरांकडे बघितलं. आता सगळं सरांच्या हातात होतं आणि ते काय बोलतील हे त्याला कळणारही नव्हतं.

"मगदूम, तुमचा मुलगा बिडी ओढत नाही," सर म्हणाले. "तुम्हाला उगाच त्रास दिला. माझ्याकडून ऐकण्यात चूक झाली."

"मग न्हेऊ नको म्हणताय?"

"परीक्षा झाल्याशिवाय नेऊ नका."

वडिलांनी भिंतीकडे बघितलं. "लई आवाज हाय हितं," ते म्हणाले. "माणसाचं डोकं फिरंल." आणि शेवटच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या सकाळी प्रार्थनेला सर आले तेव्हा आम्ही त्यांना ओळखलं नाही. वरचा ओठ मिशीविना कोवळा, पांढरा, एखाद्या नव्या माणसाचा असावा तसा. एकदोघं फिसकन हसली. सरांनी तिकडं बघितलं आणि हसू विझलं. ते हजेरी घेत आदगोंडापुढं येऊन उभे राहिले.

"मगदूम आदगोंडा."

"हजर सर," आदगोंडा ओरडला. आणि त्याच वेळी सवयीनं माझ्याही तोंडून "हजर" निघालं.

"तू गप्प बस," सर मला म्हणाले. "त्याला त्याचा आवाज आहे."

आदगोंडा मॅट्रिक झाला, पुढं मोजणी खात्यात लागला. सरांना मात्र शेठनं पुढच्या दिवाळीआधी काढलं, आणि विहीर बुजवून तिच्यावर नवे माग टाकले. ती बुजवताना मी कडेला उभा होतो. अजून त्या शेडापुढून जाताना माझ्या मुठी वळतात.

परवा आदगोंडाच्या नातीचं लग्न झालं. मांडवात डीजे लावलेला. खुर्च्या हलत होत्या, ताटातले लाडू सरकत होते. वरबाप आचाऱ्यावर धावून गेला होता, दोन जावई एकमेकांची कॉलर धरून होते, आणि माझी सून नातवाला कशासाठी मारत होती ते तिलाही ठाऊक नसावं. मी त्या डीजेवाल्याचा गळा धरायला उठलोच होतो. तेवढ्यात पलीकडून आदगोंडानं माझ्याकडे बघून दोन बोटं ओठांना लावली.

मीही लावली.

"मामंजी, या वयात?" सून कानाशी किंचाळली.

आम्ही दोघं मांडवामागं उसाच्या बांधावर जाऊन बसलो. बिडी दोघांकडेही नव्हती. आदगोंडानं बराच वेळ मांडवातल्या माणसांच्या तोंडांकडे बघितलं, मग माझ्याकडे वळला.

"शिदू," तो म्हणाला, "ही सगळी एवढी चिडल्यात कशाला रं?"